यंत्राआधी भूलतज्ज्ञ नेमा

२०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. तिथे सीटी, एमआरआयची सोय आहे म्हटल्यावर ‘आमच्याकडे कधी?’ हा प्रश्न येणारच. सरकारी पैशातून सीटी स्कॅन घ्यायला माझा विरोध नाही, पण खरेदीचा क्रम उलटा होऊ नये यासाठी हे मुद्दे.

१. गरज खरी आहे. म्हाताऱ्या कुत्र्याच्या एकाच नाकपुडीतून रक्त येतं, औषधाने थांबतं, पुन्हा येतं. एक्स-रे काढला तर कवटीची हाडं एकमेकांवर चढलेली दिसतात. सीटीमध्ये तीच कवटी पातळ चकत्यांनी उलगडते. नाकातली कागदासारखी हाडं कुरतडली गेलीत का, गाठ मेंदूच्या तळापर्यंत पोचली आहे का, हे कळतं. मग शस्त्रक्रिया करायची की नुसतं वेदनाशामक देऊन सांभाळायचं, हे मालकाला डोळसपणे ठरवता येतं.

२. ‘माणसांना मिळत नाही, कुत्र्यांना कशाला?’ असं विचारणाऱ्यांसाठी एक आठवण. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये माणसाचा पहिला सीटी स्कॅन झाला. त्याआधी हे यंत्र बनवणाऱ्या गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांनी चाचण्या केल्या त्या खाटीकखान्यातून आणलेल्या गुरांच्या मेंदूंवर.

३. खरी अडचण भुलीची. माणसाला ‘श्वास रोखा’ सांगता येतं. कुत्रा जरा हलला की चित्र पुसट. मांजराला पारदर्शक पेटीत ठेवून कधी कधी निभावतं, एरवी भूल लागतेच. प्रत्यक्ष स्कॅन मिनिटभराचा, पण आधी उपाशी ठेवणं, रक्ततपासणी, सलाईन, श्वासनलिकेत नळी आणि नंतर शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बसणं यात सकाळ जाते. पगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं नळी काढल्यावर गुदमरू शकतं. यंत्र चालू असताना खोलीत कुणी थांबायचं नसतं, म्हणून काचेपलीकडून श्वास, ऑक्सिजन, हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर हवा आणि तो वाचणारा माणूसही हवा. निविदेत यंत्राची पानंच्या पानं असतात. या माणसाचं पद मात्र त्यात नसतं.

४. शेतकऱ्याला ‘तुमच्या बैलाचाही सीटी होईल’ असं सांगू नये. नेहमीच्या यंत्राचा टेबल साधारण दोनशे किलोपर्यंतच भार पेलतो. शिवाय रवंथ करणारं जनावर आडवं पाडून भूल दिली की पोट फुगतं आणि वर आलेला चारा श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते. वासरं, शेळ्या, मेंढ्या यांचं जमेल. शिंगाच्या कर्करोगात डोक्याचा स्कॅन उपयोगी पडेल, पण बैल पेलणारा वेगळा टेबल असेल तरच. पोटात तार गेलेल्या गाईसाठी एक्स-रे आणि अनुभवी हात पुरतात.

५. चित्र वाचणार कोण? एका स्कॅनमध्ये शेकडो चकत्या असतात. माणसांचा रेडिओलॉजिस्ट हुशार असला तरी कुत्र्याचं नाक, सशाचे दात त्याच्या रोजच्या सरावातले नाहीत. चित्रं ऑनलाइन पाठवून पशुवैद्यकीय तज्ज्ञाकडून रिपोर्ट घेता येतो. त्याची फी आणि मुदत आधीच ठरवा.

६. सीटी यंत्रातली एक्स-रे नळी झिजते, बदलायला लाखो रुपये लागतात. देखभालीचा करार संपला की कुलूप. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आणि कर्मचाऱ्यांचे किरणोत्सर्ग मोजणारे बॅज हेही खर्चात धरा. दर दाराबाहेर लावा, भुलीसकट.

७. म्हणून मागणी अशी : परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर या पशुवैद्यकीय महाविद्यालयांपैकी जिथे भुलीचा विभाग रोज शस्त्रक्रिया सांभाळतो, तिथे यंत्राला आधी मंजुरी द्यावी. बाकी ठिकाणी आधी पद भरावं. तालुक्याच्या दवाखान्याला चालू स्थितीतला एक्स-रे आणि सोनोग्राफी यंत्र द्यावं, म्हणजे सीटीसाठी दोनशे किलोमीटर पाठवायचं कुणाला, हे तिथेच ठरेल.