रिव्हॉल्व्हरचं लायसन नंतर, आधी तिजोरी!



बॅच संपली की एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा चाकणचा लेबर कॉन्ट्रॅक्टर असेल, भोसरीचा वर्कशॉपवाला असेल, नाहीतर आपल्या दिघीतला सराफ. "सर, सेफ्टीसाठी रिव्हॉल्व्हरचं लायसन काढू का?"

माझा उलट प्रश्न ठरलेला आहे. घरात ते ठेवणार कुठे आणि किल्ली कोणाकडे? याचं उत्तर तयार नसेल, तर अर्ज करूच नका.

१ ऑक्टोबर २०२४ आठवा. पहाटे कोलकात्याला निघण्याच्या गडबडीत अभिनेते गोविंदा स्वतःचं लायसनचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत होते. ते हातातून निसटलं, गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात घुसली. घरात ना चोर होता, ना दरोडेखोर.

त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला दहिसरमध्ये फेसबुक लाइव्ह चालू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पोलिसांनी सांगितलं, की पिस्तूल हल्लेखोराच्या नावावर नव्हतंच, त्याच्या अंगरक्षकाच्या लायसनवरचं होतं. लायसन एकाचं, हात दुसऱ्याचा.

म्हणून हे नियम पाठ करा:

१. रिव्हॉल्व्हर रिकामं करूनच ठेवा. जागा म्हणजे भिंतीला किंवा जमिनीला बोल्ट केलेली लोखंडी तिजोरी. काडतुसं वेगळ्या कुलपात.

२. किल्ली फक्त लायसनधारकाकडे. देवघरामागे नाही, गल्ल्यात नाही, मॅनेजरकडे तर अजिबात नाही. आपण लपवलेली जागा पोरांना आधीच माहीत असते.

३. हातात घेतलं की नळी माणसांपासून दूर, बोट ट्रिगरच्या बाहेर. सिलिंडर उघडून प्रत्येक घर डोळ्यांनी तपासा. "रिकामंच आहे" हे गृहीत धरायचं नाही.

४. काडतुसांचा हिशोब स्टॉक रजिस्टरसारखा ठेवा. किती घेतली, किती वापरली, किती शिल्लक.

आता "गोळी कोणती घेऊ?" आपल्याकडे इथे फार चॉइस नाही. ९ एमएम सामान्य नागरिकाला मिळत नाही, बहुतेकांकडे ३२ बोअरच असतं. पण ३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब, ७.६५ × २३ मिमी. ३२ पिस्तुलाचं आखूड, ७.६५ × १७ मिमी. दोघांनाही लोक "बत्तीस"च म्हणतात, पण एकाचं दुसऱ्यात चालत नाही. त्यामुळे हत्यारावरचा शिक्का बघा आणि लायसन दाखवून अधिकृत डीलरकडूनच सीलबंद बॉक्स घ्या. ओल लागलेलं, हिरवट पडलेलं काडतूस वापरू नका. शेजारच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, म्हणून "ओळखीतून माल देतो" असं कोणी म्हणालं, तर तिथून उठा. लायसनबाहेरचं एक काडतूससुद्धा गुन्हा आहे.

आणि गोळी चोरापाशी थांबेलच असं नाही. प्लायवूडचं पार्टिशन, फ्लॅटचा दरवाजा ती सहज पार करते. पलीकडे तुमची मुलं किंवा शेजारी झोपलेले असतात.

तुम्ही म्हणाल, "सर, कुलपात ठेवलं तर ऐन वेळी उपयोग काय?" प्रश्न बरोबर आहे. कुलूप उघडायला वेळ जाणारच. तो वेळ दाराने मिळवून द्यायचा. मजबूत सेफ्टी डोअर, बाहेर लाइट, अलार्म, घरच्यांनी एका खोलीत जाऊन कडी लावणं आणि ११२ ला फोन. रिव्हॉल्व्हरचा नंबर या सगळ्यानंतर.

कायदाही लक्षात ठेवा. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणं म्हणजे स्वसंरक्षण नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

धंद्याच्या भाषेत सांगतो. रिस्क कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे घरी कॅशच न नेणं. पगार बँकेतून द्या, गिऱ्हाइकाला यूपीआयची सवय लावा, रोजचा भरणा रोज करा आणि भरण्याची वेळ बदलत राहा. एवढं करूनही धोका खरा वाटत असेल, तर पोलिस आयुक्तालयात रीतसर अर्ज करा, ट्रेनिंग घ्या.

पण अर्जाच्या आधी तिजोरी बसवा. तिजोरीचा खर्च जड वाटत असेल, तर रिव्हॉल्व्हर तुम्हाला परवडत नाही, एवढं समजा.