एक आकडा नको, दोन टोके सांगा

येत्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या भागात पाऊस वाढणार की घटणार? एके दिवशी छापून येते, वाढणार. महिन्याभराने छापून येते, घटणार. मग वाचणारा वैतागून म्हणतो, "ह्या शास्त्रज्ञांना काही कळत नाही." वाचकहो, आम्हांला हे म्हणणे पटत नाही. हा वैताग महाग पडतो, आणि त्याची किंमत ज्याला विहीर नाही, बागायत नाही, त्याच्याच घराला आधी मोजावी लागते. म्हणून हा विषय आज कुटुंबाच्या पानावर घेतला आहे.

दाखला फलटणचाच घेऊ. महाबळेश्वर ते फलटण हे अंतर सरळ रेषेत सुमारे 80 किलोमीटर. तिकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. सह्याद्री ढग अडवतो आणि आपण त्याच्या पर्जन्यछायेत राहतो.

आता हवामानाचे मॉडेल म्हणजे काय? संगणकात मांडलेले गणित. पृथ्वीवर जाळे टाकल्यासारख्या चौकटी पाडायच्या आणि प्रत्येक चौकटीत वारा, बाष्प, उष्णता यांचा हिशेब करायचा. साऱ्या जगाच्या मॉडेलची एकेक चौकट बहुधा शंभर ते दोनशे किलोमीटर रुंद असते. म्हणजे महाबळेश्वर आणि फलटण एकाच चौकटीत येऊ शकतात, आणि दोघांना मिळून एकच पाऊस! सावकार आणि सालगडी यांच्या मिळकतीची सरासरी काढली, तर सालगडीही श्रीमंत दिसतो. तसाच हा प्रकार.

म्हणून प्रादेशिक मॉडेल निघाली. 2009 पासून 'कॉर्डेक्स' नावाच्या जागतिक प्रकल्पात हे काम चालते. दक्षिण आशियाचे गणित मांडण्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचा मोठा वाटा आहे. इथे चौकट 50 किलोमीटरची, पुढे 25 ची झाली. आता गणिताला सह्याद्री दिसू लागला.

पण डोंगर दिसला म्हणजे उत्तर पक्के झाले, असे नाही. शंका तीन वाटांनी येते. पहिली माणसाकडून: जग पुढे किती कोळसा आणि तेल जाळणार, हे कुणाला ठाऊक? दुसरी मॉडेलकडून: ढग चौकटीपेक्षा लहान असतो, त्याचा हिशेब प्रत्येक मॉडेल आपापल्या रीतीने करते. शिवाय प्रादेशिक मॉडेल आपल्या सीमेवरचे वारे आणि बाष्प जागतिक मॉडेलकडून उसने घेते. तिथली चूक इथेही येते. तिसरी निसर्गाकडून: एखादे वर्ष ओले, एखादे कोरडे, हे पूर्वापार चालत आलेले आहे.

मग पारख कशी करायची? मॉडेलला आधी होऊन गेलेली वर्षे मांडायला लावतात आणि उत्तर पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहतात. दुसरे म्हणजे एकावर विसंबत नाहीत. अनेक मॉडेल चालवून सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अशी दोन टोके पाहतात. बहुतेकांचे एकमत असेल तिथे भरवसा जास्त, मते फुटतात तिथे कमी.

केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा 2020 चा अहवाल या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. 1901 ते 2018 या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश वाढले. धूर असाच वाढत राहिला तर शतकाच्या अखेरीस ते 1976-2005 च्या मानाने सुमारे 4.4 अंशांनी वाढेल. किती वाढेल यावर वाद आहे, वाढेल यावर नाही. पावसाचे तसे नाही. 1951 ते 2015 मध्ये देशाचा मोसमी पाऊस सुमारे 6 टक्के घटला, आणि ही घट पश्चिम घाटातही ठळक होती. पुढचा काळ मात्र मॉडेल अधिक पावसाचा दाखवतात. मागचे घटलेले आणि पुढचे वाढणारे, दोन्ही त्याच अहवालात आहे! वर्तमानपत्रातल्या उलटसुलट मथळ्यांचे मूळ बरेचसे इथे आहे. एकूण पाऊस घटत असताना मध्य भारतात दिवसाला 150 मिलिमीटरहून जास्त पडणाऱ्या पावसाचे प्रसंग मात्र 1950 ते 2015 मध्ये सुमारे 75 टक्क्यांनी वाढले, हेही त्यातच आहे.

फलटणला याचा अर्थ काय? नीरेच्या उजव्या कालव्याखालचा ऊस घाटातल्या पावसावर जगतो. 1928 साली पुरे झालेले भाटघर धरण तिकडेच भरते. महादेव डोंगराच्या पायथ्याची गावे मात्र आपल्याच शिवारातल्या पावसावर. एकाच तालुक्याला दोन निराळी उत्तरे लागतात. मे 2025 च्या अखेरीस, ऐन टंचाईच्या दिवसांत, फलटण-बारामतीकडे अतिवृष्टी झाली आणि घरांत पाणी शिरले. एका वर्षावरून हवामान ठरत नाही हे खरे. पण दोन्ही टोकांची तयारी का हवी, ते यातून दिसते.

ओढ्याकाठी कुणाची घरे असतात? भर उन्हात ऊसतोडीला, खुरपणीला कोण जाते? हे सांगायला मॉडेल लागत नाही. म्हणून आमचे सांगणे असे की, ग्रामसभेत पाण्याचा आराखडा मांडला जाईल तेव्हा आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी तीन प्रश्न विचारावेत. हा आकडा किती मॉडेलचा आहे? त्याची दोन टोके कोणती? आणि वाईट टोक खरे ठरले, तर आमच्या वस्तीचे काय? उष्णता वाढणार हे पक्के धरून कामाच्या वेळा, सावली, पिण्याचे पाणी आजच मागावे. पावसाबाबत एकाच बाजूला पैज लावू नये. ओढ्याची वाट मोकळी ठेवावी आणि पाण्याची साठवणही करावी, कारण ही दोन्ही कामे कोणत्याही पावसात उपयोगी पडतात.

'नक्की माहीत नाही' याचा अर्थ 'काहीच माहीत नाही' असा नव्हे. किती माहीत आहे आणि किती नाही, हे मोजून सांगणारा शास्त्रज्ञ आमच्या मते, छातीठोक एकच आकडा सांगणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासाचा.