उत्तर प्रकाशाच्या वाटेवर

आपल्या संध्याकाळच्या गप्पांत आता नॉर्वेतले ट्रॉम्सो, फिनलंडमधले रोव्हानिएमी ही नावेही ऐकू येऊ लागली आहेत. उत्तर प्रकाश (ऑरोरा) पाहायला मराठी कुटुंबे निघत आहेत, म्हणून हा अंक आम्ही त्याच विषयाला दिला आहे.

निमित्तही तसेच आहे. सूर्य अकरा वर्षांच्या चक्रातल्या कमाल टप्प्यात पोहोचल्याचे नासाने ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी मे महिन्यात सौरवादळामुळे लडाखमधल्या हानलेचे आकाश लालसर उजळले होते. मुंबईशीही या प्रकाशाचे जुने नाते आहे. ४ फेब्रुवारी १८७२ रोजी तो इथूनही दिसला आणि कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदींत त्या वेळचे सौरवादळ उमटले.

सहलींची जाहिरात करणे हा आमचा हेतू नाही. संध्याकाळी पर्यटकांना घेऊन निघालेला मार्गदर्शक मुख्यतः ढगांतली फट शोधत असतो. काळोखी रात्र, निरभ्र आकाश आणि सौरवाऱ्याची साथ हे तिन्ही जुळून यावे लागते; हमी कोणीच देऊ शकत नाही. कॅमेऱ्यात हिरवागार दिसणारा पट्टा डोळ्यांना अनेकदा फिकट राखाडी भासतो. हे आधीच ठाऊक असेल, तर कष्टाचे पैसे खर्चून जाणाऱ्यांची निराशा टळेल आणि पाहण्याचा आनंद वाढेल, असे आम्हाला मनापासून वाटते. त्यामुळे या अंकात विज्ञान, खर्च आणि थंडीची तयारी यांवर भर आहे.

तुम्ही जाऊन आला असाल, तर आम्हाला जरूर लिहा. आभाळ भरून राहिलेल्या रात्रीविषयीही लिहा. निवडक पत्रे पुढच्या अंकात छापू.