दाढेतली वाळू आणि राळ



आमच्या शेजारच्या वहिनींनी किडलेली दाढ पांढऱ्या मसाल्याने भरून घेतली. आठ महिन्यांत भरलेले सगळे निघून आले. डॉक्टरांची फी गेली, दोन दिवसांची मजुरीही बुडाली. "मसालाच खोटा होता," असे वहिनी म्हणतात. असेलही. पण ठपका ठेवण्याआधी हा मसाला आहे तरी काय, ते पाहू.

याला कंपोझिट म्हणतात. राळेसारखे पॉलिमर आणि त्यात सिलिकाची किंवा काचेची बारीक पूड. सिलिका म्हणजे आपल्या वाळूतलाच मुख्य पदार्थ. अमेरिकेतील राफेल बोवेन यांना अशा मसाल्याचे पेटंट 1962 साली मिळाले.

बांधकामावर राबलेल्या माणसाला पुढचे चटकन कळेल. पहिली गोष्ट प्रमाणाची. नुसती राळ घट्ट होताना आकसते आणि चावताना झिजते. पूड वाढवली की आकसणे कमी होते, ताकद वाढते. म्हणून दाढेच्या मसाल्यात वजनाने साधारण तीन चतुर्थांश पूडच असते. त्याहून फार घातली तर मसाला कोरडा पडतो, खड्ड्यात नीट बसत नाही.

दुसरी गोष्ट कणांची. कण जाड असले तर दात खरबरीत लागतो. मिलिमीटरच्या पंचवीस हजाराव्या भागाएवढे बारीक असले तर चकाकी येते, पण पूड कमी मावते आणि ताकद घटते. म्हणून लहानमोठे कण मिसळतात, जशी खडीच्या फटीत वाळू.

तिसरी गोष्ट पकडीची. मातकट वाळूला सिमेंट धरत नाही, तशी सिलिकाला राळ आपणहून धरत नाही. म्हणून कणांवर सिलेन नावाच्या रसायनाचा पातळ थर देतात. त्याचा एक हात सिलिकाला, दुसरा राळेला. हा हात सुटला की पाणी आत शिरते, कण गळू लागतात.

आणि मसाला उत्तम असला तरी लाळेने ओल्या झालेल्या दाढेला तो नीट चिकटत नाही. नेहमीचा मसाला दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने घट्ट करावा लागतो. एकदम जाड थर दिला तर तळ कच्चा राहतो.

तेव्हा खुर्चीत बसण्याआधी विचारा, "डॉक्टरसाहेब, दाढ कोरडी ठेवून थराथराने भरणार ना?" विचारायला पैसे पडत नाहीत. न विचारल्याचे मात्र कधी कधी दोनदा पडतात.