यंत्र आणि लोकमत

सकाळचे वर्तमानपत्र उघडावे, तर त्यात अवकाशयानाची वार्ता असते, नव्या औषधाची असते, आणि माणसासारखी उत्तरे देणाऱ्या संगणकाचीही असते. अशा वार्तांनी हरखून जाणारा एक वाचकवर्ग आज सर्वत्र आढळतो. त्याला यंत्रप्रेमी म्हणावे. नवे यंत्र निघाले की त्याची रचना समजून घ्यावी, त्याचे गुण चार जणांना सांगावेत आणि ते आपल्या गावात केव्हा येईल ह्याची वाट पाहावी, असा त्याचा स्वभाव असतो. हा स्वभाव चांगला आहे. कुतूहल हे सर्व विद्यांचे उगमस्थान होय. आणि ज्या समाजाला यंत्राविषयी कुतूहल नाही, तो समाज दुसऱ्यांनी घडविलेली यंत्रे निमूटपणे विकत घेत राहतो.

परंतु ह्या यंत्रप्रेमी माणसाचे एक मत तपासून पाहण्यासारखे आहे. विज्ञानाची वार्ता तो आवडीने वाचतो आणि राजकारणाची वार्ता आली की पान उलटतो. त्याच्या मते विज्ञान स्वच्छ असते आणि राजकारण मलिन. शास्त्रज्ञांना त्यांचे काम करू दिले व पुढाऱ्यांनी मध्ये हात घातला नाही, तर सर्व प्रश्न आपोआप सुटतील, असे त्याला वाटते. हे मत ऐकावयास गोड आहे. ते कितपत खरे आहे हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती ह्या नद्यांच्या प्रदेशात चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे पसरलेले आहेत. १९८२ पर्यंत ते दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. साग, मोह, तेंदू आणि बांबू यांची ही वनभूमी. ह्या वनभूमीत विज्ञान, यंत्र आणि लोकमत यांची गाठ वारंवार पडली आहे.

१९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्या दांपत्याने गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. त्या काळी तेथील कितीतरी बालके न्यूमोनियाने दगावत असत. न्यूमोनिया झाला की बालकाचा श्वास जलद होतो. दोन महिन्यांहून लहान बालकाने एका मिनिटात साठ वा अधिक श्वास घेतले, किंवा दोन महिन्यांपुढच्या पण वर्षाच्या आतील बालकाने पन्नास वा अधिक घेतले, तर ते धोक्याचे चिन्ह समजतात. निदान असे सोपे आहे; पण खेड्यातील दाईला साठपर्यंत मोजताच येत नसेल तर? दवाखाना दूर, पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर, आणि आजार तर एका रात्रीत बळावणारा!

ह्या अडचणीवर जे यंत्र निघाले, ते पाहून यंत्रप्रेमी माणसाला कदाचित हसू येईल. एक साधे लाकडी उपकरण, त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि ओळीने ओवलेले काही मणी. घड्याळ उलटे करावयाचे, बालकाचे पोट वरखाली होते तिकडे नीट पाहावयाचे, आणि दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याच्या आत शेवटचा मणी सरकला, की बालकाला औषधाची गरज आहे असे समजावयाचे. त्याला वीज लागत नाही आणि ते बिघडले तर शहरातून कारागीर बोलवावा लागत नाही. ज्या दाईला दहापर्यंत मोजता येते, तिच्या हाती ह्या मण्यांनी वैद्यकशास्त्रातील एक महत्त्वाचे निदान आणून ठेवले. गावातच निदान व उपचार होऊ लागल्यावर बालमृत्यू कमी झाले. ह्या प्रयोगाचा वृत्तान्त १९९० साली ‘लॅन्सेट’ ह्या इंग्लंडमधील प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुढे ह्याच संस्थेने नवजात बालकांचा प्रश्न हाती घेतला. जन्मानंतरचे पहिले अठ्ठावीस दिवस हे बालकाच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक दिवस होत. ३९ गावांतील काही स्त्रियांना शिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन कसे करावे, त्याला ऊब कशी द्यावी, जन्मतःच श्वास कोंडला तर काय करावे, जंतुसंसर्गाची लक्षणे कशी ओळखावीत, हे सर्व त्या शिकल्या आणि घरोघरी जाऊन बाळांची काळजी घेऊ लागल्या. शेजारच्या ४७ गावांत मात्र नेहमीचीच व्यवस्था ठेवून दोन्हीकडचे आकडे नोंदले गेले. पूर्वी त्या ३९ गावांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे ६२ बालके पहिल्या महिन्यातच मृत्यू पावत. काही वर्षांत ही संख्या सुमारे २५ वर आली. तुलनेच्या गावांत तिच्यात फारसा फरक पडला नाही. हे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. आकड्यांची ही तुलना नसती, तर ‘आमच्या कामाने मुले वाचली’ हे एक मत ठरले असते. तुलनेमुळे ते प्रमाण ठरले. मत आणि प्रमाण यांत भेद करणे, हा विज्ञानाचा पहिला संस्कार होय.

येथवर विज्ञानाची कथा झाली. पण ती येथेच थांबली असती, तर तिचा लाभ ३९ गावांपुरताच राहिला असता. भारतात गावे लाखो आहेत. त्या सर्व गावांत बाळाच्या घरी कोणी जावयाचे, त्या स्त्रीला कोणी शिकवावयाचे, तिचे मानधन कोणत्या तिजोरीतून द्यावयाचे, ह्या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळत नाहीत. ती शासनाला द्यावी लागतात. २०११ साली भारत सरकारने नवजात बालकांच्या घरोघरी काळजीचा कार्यक्रम ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या द्वारा देशभर राबविण्याचे ठरविले, तेव्हा गडचिरोलीच्या खेड्यांतील ज्ञान इतर प्रांतांतील पाळण्यांपर्यंत पोहोचू लागले. हा निर्णय राजकीयच होता. राजकारण म्हणजे निवडणुकीचा गलबला एवढाच अर्थ घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. सर्वांच्या पैशाने सर्वांसाठी काय करावयाचे हे ठरविण्याचे काम म्हणजे राजकारण. त्याकडे पाठ फिरविणारा यंत्रप्रेमी यंत्राचा जन्म तेवढा पाहतो; ते यंत्र गरिबाच्या दारी कसे पोहोचते, हे त्याला कधीच दिसत नाही.

दुसरे उदाहरण बांबूचे. बांबू हे गवत आहे की झाड? वनस्पतिशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. भात, गहू, ऊस ह्यांचे जे कुळ, तेच बांबूचे. तो गवतच होय. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूचा समावेश ‘वृक्ष’ ह्या व्याख्येत केला होता. शब्दाचा हा फरक वरवर क्षुल्लक वाटतो. पण जंगलात राहणाऱ्या माणसाच्या पोटाशी त्याचा संबंध होता. बांबू हे लाकूड ठरले, तर त्यावर सरकारी वनखात्याचा अधिकार; तो तेंदूपानासारखा, मोहफुलासारखा गौण वनोपज ठरला, तर तो गोळा करून विकण्याचा हक्क गावाकडे येऊ शकतो. ज्या प्रदेशातील बांबूचा बल्लारपूरच्या गिरणीत वर्षानुवर्षे कागद झाला, त्याच प्रदेशातील गोंड माणसाला तो मुखत्यारीने विकता येत नव्हता.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा हे लहानसे गोंड गाव आहे. लेखा गावाजवळचे म्हणून त्याला मेंढा-लेखा म्हणतात. ह्या गावाने अभ्यासगट स्थापन केला. गावातील माणसे एकत्र बसत, कायदे समजून घेत, जंगलाची पाहणी करीत, आणि बहुमताने नव्हे, तर सर्वांच्या संमतीने निर्णय घेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. त्या कायद्यान्वये मेंढ्याला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू जंगलाबाहेर नेण्याचा परवाना कोणी द्यावा, हा वाद उरलाच होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे २०१७ साली वनक्षेत्राबाहेर वाढणारा बांबू ‘वृक्ष’ ह्या व्याख्येतून वगळण्यात आला. शास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक असलेली एक गोष्ट वन कायद्यात उतरावयास, आणि तीही अंशतः, नव्वद वर्षे लागली. विज्ञानाचे सत्य आपोआप कायदा होत नाही. त्यासाठी जाणत्या लोकांना बोलावे लागते, अभ्यास करावा लागतो आणि धीर धरावा लागतो.

आता चंद्रपूरकडे वळावे. शहराजवळ दगडी कोळशाच्या खाणी आहेत आणि त्या कोळशावर चालणारे औष्णिक विद्युत केंद्र आहे. त्याचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. कोळशाचे पीठ करून ते जाळावयाचे, त्या उष्णतेने पाण्याची वाफ करावयाची, वाफेच्या जोराने चक्र फिरवावयाचे आणि त्या चक्रावर वीज निर्माण करावयाची, अशी ही योजना. जुने दोन संच बंद होऊन नवे दोन चालू झाल्यावर ह्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट झाली. दूरच्या शहरांतील दिवे, गिरण्या आणि संगणक अशाच केंद्रांच्या बळावर चालतात. यंत्रप्रेमी माणसाने त्याचे कौतुक करावे, हे योग्यच आहे.

पण कोळसा जळतो तेव्हा राख उरते, आणि भारतीय कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळ असते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली. ज्या क्षेत्राला सत्तराहून अधिक गुण मिळतील, ते अतिप्रदूषित समजावयाचे होते. चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत ते चौथे आले. परीक्षेत अधिक गुण मिळाल्याचे दुःख व्हावे, असा हा प्रसंग! दिवा एका गावात लागतो आणि धूर दुसऱ्या गावाच्या छातीत जातो, ही त्यातील खरी अडचण आहे. दिव्याखाली बसणाऱ्याला तो धूर दिसत नाही. म्हणून त्याच्या हिशेबात वीज स्वस्त असते.

ह्या रोगावर औषधही विज्ञानाजवळच आहे. धुरातील राखेच्या कणांना विद्युतभारित करून धातूच्या पत्र्यांकडे खेचून घेणारी यंत्रे आहेत. राखेपासून विटा व सिमेंट करता येते. ती यंत्रे नीट चालतात की नाही, त्यांचा खर्च कोणी सोसावा, आणि हवेच्या मोजणीचे आकडे नागरिकांना वेळच्या वेळी कळतात की नाही, हे ठरविणे मात्र लोकांचे व त्यांच्या प्रतिनिधींचे काम आहे. ज्या गावचे लोक हे प्रश्न विचारीत नाहीत, तेथे उत्तम यंत्रही आळशी होते.

ह्यावरून कोणी असे समजू नये की, यंत्राला विरोध करणे हेच शहाणपण आहे. तसे म्हणणाराही अर्धेच पाहतो. कारखाना नको, धरण नको, संगणक नको असे म्हणणे सोपे आहे. पण त्याच माणसाच्या घरात दिवा हवा असतो आणि आजारपणात त्याला इंजेक्शन हवे असते. १९८० नंतरच्या दशकात गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशा दोन मोठ्या धरणांच्या योजना पुढे आल्या, तेव्हा बाबा आमटे आणि ह्या भागातील आदिवासी यांनी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ असे म्हणत त्यांना विरोध केला. गाव कोणाचे बुडणार आणि पाणी कोणाला मिळणार, हा त्यामागचा प्रश्न होता. तो प्रश्न विचारणे म्हणजे विज्ञानाचा द्वेष करणे नव्हे. उलट, कोणतीही गोष्ट पारखून घ्यावी, ही तर विज्ञानाचीच शिकवण आहे.

म्हणून विद्यार्थ्याने नव्या यंत्राची वार्ता जरूर वाचावी. ते कसे चालते हे शोधून काढावे आणि त्याच्या कर्त्याविषयी आदर बाळगावा. परंतु तेवढ्यावर वाचन थांबवू नये. यंत्राविषयी जे सांगितले जाते, ते कोणी मोजून पाहिले आहे काय? त्याचा लाभ कोणाला होणार आणि त्याची झळ कोणाला लागणार? ज्यांना ती झळ लागणार, त्यांना कोणी विचारले आहे काय? ह्या प्रश्नांपैकी पहिला विज्ञानाचा आहे, दुसरा न्यायाचा आणि तिसरा लोकशाहीचा. हे तिन्ही प्रश्न जो विचारतो, त्याला विज्ञानाचे पान आणि राजकारणाचे पान ही एकाच वार्तेची दोन अंगे आहेत हे उमगते.

दाईच्या हातातील मण्यांचे यंत्र आणि आकाशाला भिडलेले विद्युत केंद्राचे धुराडे, ही दोन्ही ह्या वनभूमीने पाहिली आहेत. यंत्राची थोरवी त्याच्या आकारावरून किंवा किमतीवरून ठरत नाही. त्यामुळे किती माणसांचे जीवन सुखी झाले, ह्यावरून ती ठरते. आज जी मुले शाळेत बसली आहेत, तीच उद्या यंत्रे घडवतील, आणि तीच मतदानही करतील. ह्या दोन्ही कामांत सारखीच जागरूकता ठेवणारा नागरिक हा देशाचा खरा यंत्रप्रेमी होय.