बंद लोहमार्ग आणि पायीं चालणारांचा हक्क

पेठ तालुक्यांत रुळाचा एक तुकडाहि नाहीं. नाशिकाहून सावळघाट व कोटंबीघाट ओलांडून येणारा रस्ता हाच येथील लोकांचा बाहेरच्या जगाशीं मुख्य दुवा आहे. आणि शाळेचीं मुलें, बाजारास निघालेल्या बाया, पौषांत निवृत्तिनाथांच्या यात्रेस त्र्यंबकेश्वरीं जाणारे वारकरी हे सर्व अशाच रस्त्यांच्या कडेनें, मालमोटारी चुकवीत चालत असतात. पायीं चालणारास स्वतःची म्हणून हातभर जागा नसणें म्हणजे काय, हें पेठकरास कोणीं शिकवावयास नको. म्हणूनच वऱ्हाडांत तयार, सपाट, सलग असा १८९ किलोमीटरांचा पट्टा नुसता बाभळींच्या स्वाधीन झालेला आहे, हें ऐकून आम्हांस जें वाटतें तें स्पष्ट लिहिणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

हा पट्टा म्हणजे ‘शकुंतला’ या लाडक्या नांवानें ओळखला जाणारा अडीच फुटी लोहमार्ग होय. मूर्तिजापुराहून एक फांटा यवतमाळास ११३ किलोमीटर, दुसरा अचलपुरास ७६ किलोमीटर. विसाव्या शतकाच्या आरंभीं किलिक निक्सन कंपनीच्या भांडवलानें तो झाला तो वऱ्हाडचा कापूस मुंबईस व तेथून विलायतेच्या गिरण्यांस पोंचावा म्हणून. परंतु पुढें तो गरिबांची गाडी झाला. १९९४ पर्यंत वाफेचें इंजिन त्यावर धांवत होतें. आतां दोन्ही फांट्यांवरील गाड्या थांबल्या आहेत. २०१६ सालीं रुंद मार्गाची घोषणा झाली. पण गाडी अद्याप घोषणेंतच आहे. दरम्यान रूळ गंजत आहेत आणि भराव खचत आहेत.

येथें खरें भय गाडी नसण्याचें नाहीं. पट्टा तुटण्याचें आहे. लोहमार्गाचें मोल त्याच्या सलगपणांत असतें. मधला एक फर्लांग कोणीं गिळला, एक पूल कोसळला, कीं उरलेल्या सर्व लांबीची किंमत शून्य होते. नाशिककरांस हें दूर जाऊन पाहावयास नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाशिक रोडहून गांवांत येणारी ट्राम सुरू झाली आणि १९३० नंतरच्या दशकांत ती बंद पडली. आज तिचा मार्ग कोठून जात होता, हें किती तरुण नाशिककर दाखवूं शकतील?

तेव्हां आमचें म्हणणें असें कीं, गाडी येईपर्यंत हा पट्टा आसपासच्या गांवांच्या हवालीं करावा आणि स्वयंसेवकांनीं त्याची पायवाट करावी. यावर पहिला आक्षेप ‘शकुंतला’वर मनापासून प्रेम करणारांचाच येतो. ते म्हणतात, वाट झाली कीं गाडी कायमची मेली! हा आक्षेप प्रामाणिक आहे, परंतु खरा नाहीं. अमेरिकेंत १९८३ सालीं कायदाच असा झाला कीं, बंद मार्ग पायवाट म्हणून वापरांत ठेवावा आणि पुढें गरज पडल्यास तो पुन्हां रेल्वेकडे द्यावा. इंग्लंडांत ब्रिस्टल व बाथ या शहरांमधील बंद मार्गावर १९७९ सालीं सायकलप्रेमी स्वयंसेवकांनीं पहिले पांच मैल वाट केली. १९८६ पर्यंत ती पुरी झाली. त्याच मार्गावर बिटन येथें आज वाटेला लागूनच हौशी मंडळींची वाफेची गाडीहि धांवते. वाटेनें तेथें गाडीचा जीव घेतला नाहीं. तिच्यासाठीं जागा धरून ठेवली. आणि पट्टा शाबूत असला तर गाडी परत येते, याचा दाखला पेठेच्या शेजारींच आहे. डांगांतील बिलीमोरा–वघई ही छोटी गाडी २०२० सालीं थांबली होती. लोकांनीं आरडाओरड केली आणि २०२१ च्या सप्टेंबरांत ती पुन्हां सुरू झाली.

दुसरा आक्षेप असा कीं, हीं शहरी लोकांचीं फिरण्याचीं चैन आहे. न्यूयॉर्कच्या ‘हाय लाईन’कडे पाहिलें तर या आक्षेपांत तथ्य आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. उंचावरील बंद मालगाडीचा तो मार्ग २००९ सालीं बाग म्हणून उघडला. भोंवतालचीं भाडीं वाढलीं आणि शेजारच्या गरिबांच्या वांट्यास फारसें कांहीं आलें नाहीं. आपणांस तसली बाग नकोच. आपल्याला हवी आहे ती शाळेस, शेतास, बाजारास जाण्याची निर्धोक वाट. चालणें ही ज्याची गरज आहे, त्याच्या वाटेला चैन म्हणणारानें एक आठवडा मोटार घरीं ठेवून पाहावी.

तिसरा वर्ग ‘सरकार करील’ म्हणून हात बांधून बसणारांचा. यांस उत्तर वऱ्हाडच्या भूमीनेंच दिलेलें आहे. याच मार्गावरील अंजनगांवच्या परिसरांत, शेंडगांवीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं खराटा हातीं घेतला तो कोणाच्या हुकुमाची वाट पाहून नव्हे. मात्र श्रमदान म्हणजे बेकायदा घुसणें नव्हे, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. रूळ आणि जमीन ज्यांच्या ताब्यांत आहे, त्यांची लेखी परवानगी आधीं हवी.

आमची मागणी मोठी नाहीं. रूळ उखडूं नयेत; त्यांच्या कडेनें वाट काढावी. बाभळी तोडाव्या, पुलांस कठडे बसवावे, बंद स्टेशनांच्या सावलींत पाण्याची सोय करावी. जेथें लगतच्या शेतकऱ्याची हद्द येते तेथें त्याला विचारून काम करावें. करारांत पहिलेंच कलम असें असावें कीं, गाडी येईल त्या दिवशीं पट्टा तक्रार न करतां परत दिला जाईल. इतकें द्यावयास रेल्वेस एक रुपयाहि खर्च नाहीं, आणि न दिल्यास सर्वच गमावण्याची भीति आहे.

पेठेसारख्या तालुक्यांस असा पट्टा मागूनहि मिळावयाचा नाहीं. ज्यांना तो आयता मिळालेला आहे, त्यांनीं गाडीची वाट पाहावी अवश्य. पण ती उभ्यानें न पाहतां चालत पाहावी.