डब्यावरचे नाव आणि डब्यातले पान

१/
पाईपचा तंबाखू तयार करणाऱ्या एखाद्या अनोळखी कारखान्याची यादी समोर आहे, असे समजा. वीस-पंचवीस मिश्रणे, प्रत्येकाला भारदस्त नाव, डब्यावर जुने गलबत नाहीतर राजचिन्ह. यातून कोणते निवडावे? माझ्या मते हा प्रश्न रुचीचा होण्यापूर्वी साधनचिकित्सेचा आहे, आणि डब्यावरचे नाव हा त्यातला सर्वांत कमी भरवशाचा साक्षीदार आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
बखर हाती आली की आपण विचारतो : कोणी लिहिली, केव्हा लिहिली, कोणासाठी लिहिली? डब्यालाही तीन प्रश्न विचारावेत. पान कोणते? त्याच्यावर संस्कार कोणता झाला? आणि आज ते कोणाच्या हातून तयार होते? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत नाव, चित्र आणि स्थापनेचे साल यांना केवळ शोभा मानावे.

३/
अपरिचित तंबाखू स्वीकारावा की नाही, हा वाद आपल्या दख्खनेला फार जुना आहे. अकबराचा वकील असद बेग सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला होता. तेथे त्याने तंबाखू पाहिला. हिंदुस्थानात असे काही त्याने पूर्वी पाहिले नव्हते. परतताना रत्नजडित नळीसह तो तंबाखू त्याने बरोबर नेला आणि बादशहापुढे ठेवला. ही हकीकत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे.

४/
अकबराने थोडे झुरके घेतले. तेवढ्यात हकिमाने हरकत घेतली. हे औषध अनुभवसिद्ध नाही, आपल्या वैद्यांनी याविषयी काही लिहिलेले नाही, तेव्हा बादशहांनी ते घेणे उचित नव्हे, असे त्याचे म्हणणे. असद बेगाचे उत्तर असे, की प्रत्येक रूढी कधीतरी नवीनच होती. वस्तूची पारख तिच्या गुणदोषांवरून व्हावी, पूर्वजांनी तिचे नाव घेतले की नाही यावरून नव्हे.

५/
हा संवाद मला दोन कारणांनी महत्त्वाचा वाटतो. पद्धतीच्या प्रश्नात असद बेग बरोबर होता : ग्रंथात नाव नाही, एवढ्यावरून निवाडा होत नाही. पण तंबाखूपुरता अखेर हकीमच खरा ठरला. पाईपच्या धुराने तोंडाचा, घशाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे आज निर्विवाद आहे. जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली, तोवर व्यसन पसरले होते आणि बंदी टिकली नाही.

६/
म्हणून आरंभीच स्पष्ट करतो. हा धागा कोणी पाईप हाती घ्यावा यासाठी नाही. आपल्याकडे १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे गुन्हा आहे, आणि तसेच असले पाहिजे. जो सज्ञान मनुष्य पाईप ओढतच आहे, त्याला ही निवड करावी लागते. आपल्यासारख्यांना तोच डबा ऐतिहासिक साधन म्हणून वाचता येतो. दोघांचेही प्रश्न एकच आहेत.

७/
आता नावाची महती पाहू. जे. एम. बॅरी या लेखकाचे धूम्रपानावरील विनोदी पुस्तक १८९० मध्ये निघाले. त्यात ‘आर्केडिया’ नावाच्या मिश्रणाची अपार स्तुती आहे. हे मिश्रण म्हणजे लंडनच्या कॅरेरास यांचे ‘क्रेव्हन मिक्श्चर’, असे बॅरी यांनी पुढे सांगितले आणि कॅरेरास यांनी जाहिरातीत त्याचा भरपूर उपयोग केला. पुढे १९२१ मध्ये त्याच कंपनीने ‘क्रेव्हन ए’ ही सिगारेट बाजारात आणली. पाईपच्या मिश्रणाने मिळवलेली कीर्ती सिगारेटच्या पाकिटावर गेली. पदार्थ वेगळा, नाव तेच.

८/
दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचे दुकान काढले. गिऱ्हाईक आपली आवड सांगे, त्याच्यासाठी मिश्रण बेतले जाई आणि त्याची नोंद क्रमांकासह वहीत होई. ‘माय मिक्श्चर ९६५’ हे नाव त्या पद्धतीतून आले. म्हणजे मुळात हे नाव नव्हेच. एका माणसाच्या आवडीचा तो दाखला होता.

९/
पुढे काय झाले? १९८१ पासून डनहिलची मिश्रणे बेलफास्टच्या मरे कारखान्यात होऊ लागली. २००५ मध्ये हे काम डेन्मार्कच्या ऑर्लिककडे गेले. २०१८ मध्ये डनहिल हे नावच या तंबाखूवरून उतरले, आणि २०१९ मध्ये तीच मिश्रणे पीटरसन या नावाने परत आली. ‘९६५’ हा आकडा मात्र चारही अवस्थांत कायम राहिला. एकाच बखरीच्या चार प्रती, आणि नक्कलकार मात्र बदलत गेले!

१०/
म्हणून तिसरा प्रश्न, ‘आज कोणाच्या हातून?’, हा टाळता येत नाही. अनोळखी वाटणारे नाव जुन्या कारखान्याचे असू शकते, आणि अतिपरिचित नावामागचा कारखाना पूर्णपणे अनोळखी असू शकतो.

११/
आता पहिले दोन प्रश्न : पान आणि संस्कार. यादीतील ‘व्हर्जिनिया’ हा शब्द घ्या. आज तो प्रांताचे नाव राहिलेला नाही. भट्टीच्या उष्णतेने सुकवलेल्या, पिवळ्या, गोडसर पानाचे ते जातिनाम झाले आहे. असे पान आपल्या आंध्रातही पिकते. या पिवळ्या पानाचा उगम १८३९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील स्लेड कुटुंबाच्या मळ्यावर सांगितला जातो. तेथील स्टीफन या गुलाम लोहाराला रात्री झोप लागली, विस्तव विझत आला, त्याने घाईने लोणारी कोळसा टाकला, आणि त्या तीव्र कोरड्या उष्णतेत पान झळझळीत पिवळे झाले. गलबते आणि राजचिन्हे रंगवणाऱ्यांपैकी किती जणांनी डब्यावर स्टीफनची आठवण ठेवली?

१२/
‘लटाकिया’ हे नाव सीरियातील बंदरावरून आले. पान लाकडाच्या धुरात टांगून काळे केले जाते; त्याला होमकुंडाच्या आसपासचा वाटावा असा धुरकट वास येतो. पण आजच्या बहुतेक मिश्रणांतले लटाकिया सायप्रसचे असते. त्याचे पान वेगळ्या जातीचे आणि धुरीची लाकडेही वेगळी. जुन्या सीरियन लटाकियाची वर्णने वाचून आजचा डबा निवडणारा माणूस एका देशाचा नकाशा घेऊन दुसऱ्या देशात फिरतो.

१३/
‘पेरिक’ मात्र अजूनही आपल्या गावाला धरून आहे. लुइझियानात मिसिसिपीच्या काठी सेंट जेम्स हा परगणा आहे. तेथे पान ओकच्या पिंपात दाबून भरतात, वरून स्क्रूचा दाब देतात, मधूनमधून काढून पुन्हा भरतात. स्वतःच्याच रसात ते सुमारे वर्षभर आंबते. हे मसाल्यासारखे थोडेसेच वापरायचे असते. आपल्याला निपाणीचा बिडी-तंबाखू ठाऊक आहे. तेथेही गावाचे नाव ही मालाची ओळख असते. असे नाव काही सांगते. राजचिन्ह काहीच सांगत नाही.

१४/
यादीत ‘इंग्लिश मिक्श्चर’ हा वर्ग दिसेल. तो इंग्लंडमध्ये बनलेला असेलच असे नाही. आज त्याचा अर्थ बहुधा ‘लटाकिया असलेले मिश्रण’ इतकाच. या नावामागे करांचा इतिहास आहे. ब्रिटनमध्ये तंबाखूवर वजनाने जकात होती. १८४० च्या कायद्याने भेसळीचे निर्बंध सैल झाले, तेव्हा साखर-काकवी घालून बिनजकाती वजन वाढवले जाऊ लागले. महसूल बुडू लागताच १८४२ च्या कायद्याने निर्बंध पुन्हा आवळले.

१५/
परिणाम दूरगामी झाला. वरून गोडवा आणि सुगंध चढवण्याची वाट अरुंद झाली, म्हणून ब्रिटिश कारागिरांनी चव पानांच्या मेळातूनच साधण्याचा मार्ग धरला. ज्याला आपण अभिजात इंग्रजी रुची म्हणतो, तिच्या घडणीत जकात खात्याचा मोठा वाटा आहे! अमेरिकेत असे बंधन नव्हते, आणि तेथील बर्ली जातीचे पान पाक व सुगंध सहज शोषून घेते. सुगंधी मिश्रणांची परंपरा तिकडे फोफावली, ती यामुळे.

१६/
आता निवडीकडे. अनोळखी कारखान्याचे सर्वांत साधे मिश्रण आधी पाहावे, असे माझे मत आहे : शक्यतो निव्वळ व्हर्जिनियाचे. त्यात लपायला जागा नसते. पानाची प्रत आणि मुरवण्यातला धीर लगेच उघडा पडतो. दुसरे, लटाकियाचे मिश्रण. त्यात तोल सांभाळला आहे की केवळ धुराने बाकीची पाने झाकली आहेत, हे कळते. सुगंधी मिश्रण शेवटी, कारण तेथे पानाची परीक्षा होत नाही, अत्तराची होते. आणि डबा नेहमी लहानात लहान घ्यावा.

१७/
यावर कोणी म्हणेल, जुन्या नावामागे पिढ्यांचा अनुभव असतो, त्याला काहीच किंमत नाही काय? आहे, जोवर अनुभव आणि नाव एकत्र नांदतात तोवर. कारागीर, कृती आणि पान यांची परंपरा अखंड असेल, तर स्थापनेचे साल हा खरा पुरावा ठरतो. पण केवळ नावाची विक्री होऊन ते तीन देश फिरले असेल, तर त्या सालाचे मोल एखाद्या तोतयाने सांगितलेल्या वंशावळीइतकेच.

१८/
राजवाडे यांनी १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भर दिला. ती शिस्त फक्त दप्तरखान्यात पाळायची नसते. चहा, अत्तर, पैठणी, हापूस : ज्या ज्या वस्तूवर आज एखादे प्रतिष्ठित नाव चिकटवलेले दिसते, तेथे हेच तीन प्रश्न विचारून पाहा. आपणांस कोणत्या वस्तूत नाव एक आणि माल दुसरा आढळला, ते खाली अवश्य लिहावे. पुराव्यासह लिहिलेत तर अधिक आनंद.